इंग्रजीच्या तासातील मौन

शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे की मातृभाषा, या वादात इंग्रजीच्या तासाला विद्यार्थी स्वतः किती बोलतो, हा प्रश्न मागे पडतो. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये सरकारी शाळांसाठी इंग्रजी माध्यमाचा आदेश काढला. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. देशभर चर्चा झाली ती माध्यमाचीच.

४५ मिनिटांच्या तासाला ५० विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. शिवाय चौदा-पंधराव्या वर्षी चुकण्यापेक्षा हसे होण्याचे भय मोठे असते. मातृभाषेत बोलल्याबद्दल दंड केल्यास मूल इंग्रजी बोलू लागत नाही. ते गप्प बसते.

माझ्या मते, विषयावर आधी स्वभाषेत विचार करू द्यावा, मग जोड्या करून दहा मिनिटे इंग्रजीत बोलू द्यावे. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील. चुका नंतर सुधाराव्यात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी परीक्षेला आहेत. संभाषण हा उरलेल्या २० गुणांतील एक घटक आहे. हे प्रमाण बदलल्याशिवाय अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईतल्या शिक्षकाला ती दहा मिनिटे काढणे परवडणार नाही.