जहाज थोर, माणसें थोडीं

माझगांवच्या गोदींत बांधलेली 'निलगिरी' ही नवी युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजीं आरमारांत दाखल झाली. घाटावरच्या सातारकरांस समुद्रावरील ह्या वार्तेचें काय, असें कोणी विचारील. पण ज्या जिल्ह्यांतले मुलगे पिढ्यान् पिढ्या फौजेची वाट धरीत आले, त्यानें ती नीट वाचली पाहिजे.

ह्याच गोदीनें बांधलेली ह्याच नांवाची पहिली नौका १९७२ सालीं आरमारांत आली होती. तिचें वजन सुमारें ३००० टन व तिजवर माणसें अडीचशेंहून अधिक. नवीचें वजन ६६७० टन, आणि माणसें सुमारें सव्वादोनशें! जुनी वाफेवर चाले. तिच्या बाष्पपात्रांपुढें पाळीपाळीनें माणसें उभीं करावीं लागत. नवीचीं इंजिनें, पंप व विजेचीं यंत्रें एका दालनांतून, पडद्यावर पाहून चालवितां येतात. शाहू महाराजांचे सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या गलबतांस चाळीस-पन्नास वल्हीं असत. तेव्हां मनगट हेंच इंजिन होतें. आज मनगटाची जागा डोक्यानें घेतली आहे.

माणसें कमी म्हणजे खर्च कमी, हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस सहज पटेल. परंतु तो अपुरा आहे. जहाजास आग लागली किंवा पाणी शिरलें, तर पडदा धांवून येत नाहीं, माणसेंच लागतात. अमेरिकेनें किनाऱ्यालगत लढणारीं कांहीं जहाजें मूळ ४० माणसांवर चालविण्याचें योजिलें. तीं अपुरीं पडून संख्या वाढवावी लागली. २०१७ सालीं त्याच आरमाराच्या दुसऱ्या दोन नौका व्यापारी जहाजांवर आदळून १७ खलाशी मेले. अपुरें शिक्षण व थकवा हीं कारणें चौकशींत पुढें आलीं. जेथें माणसें मोजकीं, तेथें प्रत्येक मनुष्य कसलेला हवा, हा त्याचा बोध.

आमच्याकडे काय चाललें आहे? २०२२ च्या अग्निपथ योजनेनें भरती चार वर्षांची केली. त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम राहतो. सैन्य तरुण राहावें व निवृत्तिवेतनाचा भार हलका व्हावा, हा सरकारचा हेतु आम्ही त्याज्य मानीत नाहीं. परंतु जहाज कसलेला कारागीर मागतें आणि नियम हात बसतांच चौघांतील तिघांस निरोप देतो, हा मेळ कसा बसावा? यंत्रविभागांत तरी हें प्रमाण वाढविलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सरकारास सांगून आमचें कर्तव्य संपत नाहीं. पहिल्या महायुद्धांत आपल्या अपशिंग्याचे ४६ वीर पडले. त्या शौर्याचा अभिमान कोणास नाहीं? १९६१ पासून सातारा सैनिक स्कूल आहे, पण तेथें जागा मोजक्या. बाकीचीं मुलें पहांटे रस्त्यावर धांवतात, छाती मोजतात, आणि गणिताच्या पुस्तकास हात लावीत नाहींत. आरमारांतील अग्निवीरांच्या पहिल्या तुकडींत २७३ मुली होत्या. मग आमच्या मुलींनींच मागें कां राहावें? गांवोगांवच्या शाळांत विजेची व यंत्रांची लहानशी कर्मशाळा उभारणें आमच्या पेठेंतील धनिकांस अशक्य नाहीं. उत्सवाच्या एका मांडवाचा खर्च तिकडे वळला, तरी आरंभास पुरे.

जहाजावरील जागा थोड्या झाल्या आहेत. त्या शिकलेल्यांस मिळतील.