आधी टाकी बघा, मग सुई फिरवा!

दोस्तहो, नायट्रो आरसी कार मध्येच बंद पडली की आपण लगेच कार्ब्युरेटरची सुई पिळत बसतो. थांबा, आधी टाकी बघा! सायलेन्सरमधून येणाऱ्या दाबानेच टाकीतलं इंधन इंजिनाकडे ढकललं जातं. झाकणाची रबरी रिंग झिजली की दाब जातो, इंधन कमी पडतं, इंजिन तापतं. शिवाय गळणाऱ्या इंधनातलं मिथेनॉल पेटलं, तर ज्वाला उन्हात दिसतही नाही. म्हणून टाकी काढून रिकामी करा. एक नळी बंद करून दुसरीतून सिरिंजने हवा भरा आणि पंक्चरवाल्यासारखी पाण्यात बुडवा. बुडबुडे दोष दाखवतील. रिंग किंवा नळी बदला. टाकीच तडकली असेल, तर जुगाड नको. नवी टाकी इंजिनापेक्षा स्वस्तच पडते!