उधारी लिहून का घेत नाही?

आमच्या कामठ्यात गोंदियाहून येणारा कपडा बहुधा शब्दावरच उधार मिळतो. मध्ये दलाल, तोच जामीन. ईदचा माल पडून राहिला की मुदतीवरून तंटा लागतो आणि दोन दुकानांचे भांडण दोन घरांत जाते, सोयरिकी अडतात. लिहून मागितले तर भाईजान रागावतील, ही आपली सबब. आम्हाला ती पटत नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे कर्ज, लहान असो वा मोठे, साक्षीदार ठेवून लिहिण्याचा हुकूम आहे. सूट आहे ती हातोहात सौद्याला. १९६३ च्या मुदत कायद्यानेही उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांतच करावा लागतो. बिलावर तारीख, मुदत, परतीच्या मालाची अट आणि दोघांच्या सह्या हव्यात. दलालाचीही घ्यावी, तंट्यात त्याचेच बोलणे आधी फिरते.