पांढऱ्या पेशींना वाट कोण दाखवते?

सकाळी सीताबर्डीच्या गल्लीत शिरल्यावर पोह्यांची गाडी कोठे आहे, हे विचारावे लागत नाही. तर्रीचा वास ज्या बाजूने दाट येतो, तिकडे पावले वळतात. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच वाट शोधतात.

पायात काटा रुतला, की दुखावलेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावर ‘सिलेक्टिन’ नावाची प्रथिने उभी राहतात. वाहत्या पांढऱ्या पेशी त्यांना अडखळून घरंगळू लागतात, मग घट्ट चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडून संदेश दाट होत जाईल त्या दिशेने सरकतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी तेथे कामी आलेल्या याच पेशी.

१९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ जगापुढे आणला. पुढे १९९२ मध्ये हाच रक्तगट असलेली, वारंवार जंतुसंसर्ग होणारी, पण जखमेत पू न होणारी मुले वैद्यकाच्या नजरेस आली. एका शर्करेच्या अभावी त्यांच्या पांढऱ्या पेशींना भिंतीवर पकडच मिळत नव्हती. हा दोष अतिदुर्मीळ आहे. केवळ बॉम्बे रक्तगट असणाऱ्यांनी मुळीच भिऊ नये.

आपल्या घराशी याचा संबंध काय? उतारवयात या पेशींचा वेग फारसा घटत नाही, परंतु दिशा चुकते. अनियंत्रित मधुमेहात त्यांचे काम मंदावते. स्टेरॉइडमुळे त्या भिंतीला नीट चिकटत नाहीत. त्या रक्तातच राहिल्याने अहवालात त्यांची संख्या उलट वाढलेली दिसते. म्हणून वृद्धांमध्ये संसर्ग गंभीर असूनही ताप, लाली, पू ही लक्षणे क्षीण असू शकतात. पांढऱ्या पेशींची संख्या ४,००० ते ११,००० या मर्यादेत आली, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी मधुमेही ज्येष्ठांचे तळवे व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, आजोबांनी जेवण नाकारले, गुंगी आली किंवा तोल जाऊन ते पडले, तर ताप नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत, ते जिवावर बेतू शकते.

शरीराची हाक वयानुसार क्षीण होते. ती ऐकण्याचे काम तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांनी करायचे असते.