सुशी कोणाच्या हातची?

सुशी घरी करू नये, असे बजावणाऱ्या रसिकांचा एक पंथच निर्माण झालेला आहे. केवळ भात शिकण्यात शागिर्दाची वर्षे जातात, सुरी हाती येण्यास त्याहून अधिक काळ लागतो, आणि ही तपश्चर्या ज्याने केली नाही त्याने स्वयंपाकघरात जे काही वळले ती सुशीची नक्कल होय, असे या पंथाचे म्हणणे. २०११ साली डेव्हिड गेल्ब यांचा ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ हा माहितीपट आला आणि टोकियोतील भुयारी रेल्वेस्थानकालगतच्या दहा आसनी दुकानातला वृद्ध उस्ताद या पंथाचे दैवत झाला. उस्तादाच्या कौशल्याविषयी आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. घरची सुशी ही दुकानातल्या सुशीची फिकट सावली आहे, हा निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही आणि वाङ्मयाच्याही नाही.

प्रथम इतिहास पाहू. सुशीचा प्राण कच्चा मासा नसून आंबट भात आहे. ९२७ साली पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या संहितेत करापोटी येणाऱ्या जिनसांमध्ये सुशीची नोंद सापडते. ती जुनी सुशी म्हणजे मीठ लावून भातात दाबून आंबवलेला मासा. बिवा सरोवराच्या परिसरात ‘फुनाझुशी’च्या रूपाने ही रीत आजही टिकून आहे. पुढे आंबण्याची वाट न पाहता भातातच व्हिनेगर घालण्याची पद्धत रुळली. भाताच्या लहानशा मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली ‘निगिरी’ आली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत. तिचे श्रेय सहसा हानाया योहेई याला दिले जाते. गाड्यावर उभ्याउभ्या खाण्याची, घाईतल्या माणसाची ती वस्तू होती. तात्पर्य, ज्या प्रकारावरून आज समग्र सुशीची व्याख्या केली जाते, तो या घराण्यातला बराच धाकटा आणि एका शहरापुरता प्रकार होय.

धाकट्याकडे कर्तेपण कसे आले, याचे एक कारण तर निव्वळ सरकारी आहे. १९४७ साली अन्नटंचाईपायी जपानमधील उपाहारगृहांवर कडक निर्बंध आले. तेव्हा टोकियोतील सुशीवाल्यांनी तोडगा काढला. गिऱ्हाइकाने एक ‘गो’, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, तांदूळ आणावा आणि त्या बदल्यात दहा नग घ्यावेत. दुकानाने केवळ करणावळ आकारावी. टोकियोच्या पद्धतीला मिळालेली ही मुभा इतर प्रांतांनी उचलली आणि तिच्याबरोबर निगिरीही देशभर गेली. घरच्या सुशीला आज पायरीवर बसवणारे दुकान एके काळी लोकांनी घरून आणलेल्या तांदळावर तगले होते, हे या पंथाच्या स्तोत्रांत कोठे येत नाही.

आता घरात काय होत आले ते पाहावे. ३ मार्चला, मुलींच्या ‘हिनामात्सुरी’ या सणाला, घरोघरी ‘चिराशी-झुशी’ होते: व्हिनेगर घातलेल्या भातावर अंड्याच्या पातळ पोळीचे बारीक कातलेले पट्टे, कमळकाकडी, शिटाके, कोळंबी. तळलेल्या तोफूच्या पिशव्या गोडसर रसात शिजवून त्यांत भात भरला की ‘इनारी-झुशी’ होते. चिबा प्रांतातील शेतकरी घरांत समारंभासाठी जाड गुंडाळ्या वळतात. त्यांच्या प्रत्येक चकतीत फुलाची नक्षी उमटते. हे सारे करण्यास ज्ञान लागत नाही, असे कोणी म्हणू नये. भात वाफाळता असतानाच व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचे मिश्रण त्यात घालावे लागते. शिते न मोडता उलथन्याने कापल्यासारखा तो हलवावा लागतो. पंख्याने वारा घालून त्यावर चकाकी आणावी लागते. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात शिकली गेली. तिला गुरुकुल नव्हते, म्हणून तिला नावही मिळाले नाही.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. बाईचे हात उबदार असतात, त्यांनी मासा बिघडतो, अशी समजूत या व्यवसायात दीर्घकाळ सांगितली गेली. सणासुदीला घरादाराला सुशी खाऊ घालणारे हात दुकानाच्या फळीपाशी येताच अपात्र ठरतात, हा चमत्कार उष्णतेच्या शास्त्राने उलगडणारा नव्हे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो ओळखीचा वाटावा. बायकांनी रचले की ते लोकगीत आणि पुरुषाने रचले की ती कविता, ही वाटणी करणारी दृष्टी आणि ही दृष्टी एकच आहे.

जपानी कथाकारांनी हे समीक्षकांच्या आधी ओळखले होते. शिगा नाओया यांच्या १९२० सालच्या ‘पोऱ्याचा देव’ या कथेत तराजूच्या दुकानातला सेनकिची गाड्यावरची सुशी उचलतो. तिची किंमत सहा सेन आहे असे कळताच, जवळ चारच असल्यामुळे, मुकाट्याने परत ठेवतो. विक्रीची सुशी म्हणजे पत, किंमत आणि संकोच. याउलट ओकामोतो कानोको यांची ‘सुशी’ ही १९३९ सालची कथा पाहा. तिच्यातील मिनातो हा प्रौढ गृहस्थ सुशीच्या दुकानात नित्य येतो, कारण लहानपणी अन्नाची किळस येणाऱ्या त्याला आईने घरीच, नव्या कोऱ्या उपकरणांनी, स्वच्छ धुतलेले हात दाखवून, समोर बसून सुशी वळून दिली होती. आधी अंड्याची, मग माकुळाची, मग माशाची. त्या हातांमुळे तो मुलगा जगला. म्हणजे या कथेत दुकान हीच सावली आहे आणि मूळ वस्तू घरी आहे. आईने कोणा उस्तादाकडे उमेदवारी केली होती काय, हा प्रश्न कथा वाचताना कोणालाही सुचणार नाही. सुचला तर त्याने कथा वाचलीच नाही असे आम्ही समजू.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कच्च्या माशात अनिसाकिस हा परजीवी असू शकतो. तो व्हिनेगरने मरत नाही, उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्याने मरतो. तेव्हा कच्चा मासा घरी वापरणाराने ही दक्षता घ्यावीच. परंतु हा मुद्दा माशाच्या हाताळणीचा आहे, अधिकाराचा नाही; आणि वर सांगितलेल्या घरगुती प्रकारांपैकी कित्येकांना कच्चा मासा लागतच नाही.

अस्सलपणाचा शिक्का मारण्याचा उद्योग सरकारनेही करून पाहिला. २००६ साली जपानच्या कृषी मंत्रालयाने परदेशांतील जपानी उपाहारगृहांना प्रमाणपत्रे देण्याचा घाट घातला, तेव्हा ‘सुशी पोलीस’ म्हणून त्याची टर उडाली. पुढे २०१३ साली युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे मात्र हे ज्ञान घरात, एकत्र जेवताना, पुढच्या पिढीकडे जाते असे नमूद आहे. पोलिसांना न सापडलेला अस्सलपणा पंगतीत सापडला, एवढाच याचा अर्थ.

उस्तादाच्या निगिरीची बरोबरी घरी होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एका शाखेतील पराकाष्ठा ही संपूर्ण वृक्षाची व्याख्या होऊ शकत नाही. प्रावीण्याचा गौरव जरूर व्हावा. त्या गौरवासाठी अनाम हातांना नकलाकार ठरवणारी समीक्षा मात्र नाकारली पाहिजे, मग तिचा विषय कविता असो वा भात.