बाटले कोण, बदलले कोण?

बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली चहा पीत बसलो होतो. तलासरीकडच्या पाड्यांवर रविवारी भरणाऱ्या प्रार्थनांचा विषय निघाला. शेजारच्या बाकावरचे एक शिकलेसवरलेले गृहस्थ सहज म्हणाले, "यांना काय कळतं हो धर्मातलं? तांदळाची गोणी दिली की बाटतात."

चहाचे ग्लास विसळणारी वारली बाई तिथेच उभी होती. ती ख्रिस्ती होती की नव्हती, मला माहीत नाही. तिने मान वर केली नाही. पण "यांना काय कळतं" हे वाक्य तिच्या कानावर पहिल्यांदा पडत नव्हतं, एवढं तिच्याकडे बघून समजलं.

हे वाक्य मीही ओळखतो. १९५६ साली माझ्या आजोबांच्या पिढीबद्दल हेच बोललं गेलं होतं. आंबेडकरांच्या मागे मेंढरांसारखे गेले, म्हणे!

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मी बौद्ध आहे. ईश्वर, स्वर्ग, चमत्कार यांपैकी काहीही मी मानत नाही. कोणी ख्रिस्ती व्हावं म्हणून हा लेख लिहिलेला नाही. प्रश्न वेगळाच आहे. गरीब, अडाणी समजल्या गेलेल्या माणसाला स्वतःच्या आयुष्याचा सर्वात मोठा निर्णय घेण्याची अक्कल आहे की नाही? आणि तो निर्णय घेतल्यावर त्याची निष्ठा कशावरून मोजायची?

बहरोटचा डोंगर आणि झरीचं मैदान

बोर्डीहून जवळच बहरोटचा डोंगर आहे. संजाण पडल्यावर पारशी मंडळींनी आपला पवित्र अग्नी या डोंगरातल्या लेण्यांत नेऊन लपवला आणि बारा वर्षं जपला, ही परंपरा इथला शाळकरी पोरगाही सांगतो. पुढे तो अग्नी वासदा, नवसारी असा फिरत १७४२ साली उदवाड्याला पोहोचला. आज बोर्डीत आलेला पर्यटक बहरोटची गोष्ट ऐकून नतमस्तक होतो. व्हायलाच पाहिजे. श्रद्धेसाठी घरदार सोडणाऱ्या माणसांचा आदर करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मग त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणारा वारली आपल्या श्रद्धेबद्दल काही ठरवतो, तेव्हाच तो आदर कुठे जातो?

कोणी म्हणेल, पारशांनी बापजाद्यांचा धर्म टिकवला, यांनी सोडला. पण निष्ठा म्हणजे वारशाने आलेलं कवटाळून बसणं एवढंच असेल, तर वेठबिगारीही वारशानेच आली होती. सावकाराचं कर्ज वारशाने आलं होतं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने आयुष्यभर मालकाकडे राबायचं, त्या लग्नगड्याची गुलामीही पिढीजातच होती. २३ मे १९४५ रोजी आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी पाच हजारांच्या आसपास आदिवासी जमले आणि त्यांनी ही वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते, पण मालकासमोर "नाही" हा शब्द उच्चारण्याची जोखीम त्या आदिवासींनीच घेतली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पाच जण मेले. तरी माणसं मागे हटली नाहीत.

तेव्हाही जमीनदार हेच म्हणत होते की यांना काय कळतं, लाल बावटेवाल्यांनी यांची डोकी फिरवलीत. ज्या माणसांनी शतकांची गुलामी स्वतः तोडली, त्यांच्या नातवंडांना आपला देव कोणता हे ठरवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी इथला इतिहास वाचावा.

रमाबाईंचा प्रवास, आदिवासीचं बाटणं?

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आग ओकली. पुढे शारदा सदनातल्या मुलींना धर्माकडे वळवतात म्हणून १८९३ मध्ये पुण्यात काहूर उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पण "तांदळाच्या गोणीसाठी बाटली" असं रमाबाईंना कोणी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. त्यांचा राग आला, त्यांच्या बुद्धीवर मात्र शंका घेतली गेली नाही. आज पाठ्यपुस्तकात तो "वैचारिक प्रवास" असतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही "आध्यात्मिक शोध" ठरतो. अहमदनगर, जालना भागातल्या महार-मांगांनी त्याच काळात हाच निर्णय घेतला, तर तो दुष्काळातला धान्याचा सौदा! ब्राह्मण बदलला की त्याने विचार केला, दलित-आदिवासी बदलला की तो विकला गेला. या मोजमापालाच जात म्हणतात.

रमाबाईंच्या बाजूने त्या वेळी कोण उभं राहिलं? जोतीराव फुले. १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. स्वतः जोतीराव मिशनरी शाळेत शिकलेले, अनेक मिशनरी त्यांचे मित्र, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. न जाताही जाणाऱ्याचा हक्क मान्य करणं, ही आपली परंपरा आहे.

रमाबाईंकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी डोकं गहाण ठेवलं नाही. ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्या पत्रांतून भांडल्या. न पटलेलं मत निमूटपणे स्वीकारायला त्यांनी नकार दिला. पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायकामुली त्यांनी स्वतः जाऊन आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. बाप्तिस्म्याला एक दिवस लागला. ती निष्ठा मात्र १९२२ साली डोळे मिटेपर्यंत, जवळजवळ ३९ वर्षं चालली.

आमिषाचा हिशेब मांडूच

धर्म बदलल्याने फायदा होतो, हा आरोप जरा कागदावर मांडून बघा.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख त्यात आले. बौद्धांना केंद्राने १९९० साली घेतलं. म्हणजे दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्या आमच्या माणसांनी सवलती जाण्याचा धोका पत्करून तो निर्णय घेतला होता आणि केंद्राच्या दारात ३४ वर्षं वाट पाहिली. दलित ख्रिस्ती तर आजही बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती पडून आहे. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. चर्चमध्ये गेल्याने मांगवाड्याचा पत्ता बदलत नाही, पण जातीचा दाखला जातो. मग आमिष कोण दाखवतंय? बदलू नकोस, तरच सवलत देतो, असं म्हणणारी व्यवस्थाच ना?

आदिवासींची गोष्ट कायद्याने वेगळी आहे. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. २००४ मध्ये केरळच्या चंद्रमोहनन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ धर्म बदलला म्हणून माणूस जमातीबाहेर जात नाही, त्याचं जमातीशी नातं उरलंय का ते बघावं लागतं. नेमकी हीच गोष्ट खुपते, म्हणून "डिलिस्टिंग"चे मोर्चे निघतात. ख्रिस्ती आदिवासीचं आरक्षण काढा, म्हणजे उरलेल्या आदिवासींचं भलं होईल, असं सांगितलं जातं. आदिवासीला आदिवासीविरुद्ध उभं करायचं आणि जमीन, जंगल, धरणाचं पाणी यांचा विषय बाजूला सारायचा, हा डाव जुना आहे.

एप्रिल २०२० मध्ये डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. ती हत्या अमानुष होती, तिचं समर्थन होऊच शकत नाही. पण चोर आल्याच्या अफवेतून घडलेल्या त्या प्रकाराला दुसऱ्या दिवसापासून धर्माचा रंग देण्याची स्पर्धा लागली. संशयाची सुई मिशनऱ्यांकडे वळली आणि अख्खा आदिवासी पट्टा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

हद्दीच्या पलीकडचा कायदा

बोर्डीहून उत्तरेला थोडं गेलं की गुजरात. उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. आजही वारल्यांची सोयरीक दोन्हीकडे आहे. पण हद्द ओलांडली की श्रद्धेचा कायदा बदलतो. गुजरातच्या २००३ च्या कायद्यानुसार धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते आणि धर्मांतर करणाऱ्याला नंतर त्यांना कळवावं लागतं. २०२१ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला.

आपल्यातले काही जण म्हणतात, हा तर मुसलमान-ख्रिश्चनांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं? त्यांनी एप्रिल २०२४ चं गुजरात गृहखात्याचं परिपत्रक वाचावं. बौद्ध धर्म स्वतंत्र आहे, म्हणून हिंदूतून बौद्ध होतानाही परवानगी घ्या, असं ते सांगतं. स्वतंत्र धर्म म्हटलं, चांगलं झालं. पण परवानगी? १४ ऑक्टोबर १९५६ ला हा कायदा नागपुरात असता, तर बाबासाहेबांना जिल्हाधिकाऱ्याच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागलं असतं आणि लाखो लोकांना एकेक करून साहेबाला पटवावं लागलं असतं की आम्हाला माणूस का व्हायचंय!

महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सदसद्विवेकाचा प्रश्न पोलिसांकडे! संविधानाचं कलम २५ त्याच्यासाठीच लिहिलं होतं का? जबरदस्ती, फसवणूक यांना शिक्षा हवीच. पण त्यासाठी प्रत्येक धर्मांतर करणाऱ्याला आधीच संशयित धरायचं कारण नाही.

ख्रिस्ती बांधवांनो, आता तुमच्याशी

तुमच्या निर्णयाचा हक्क मी मानतो, म्हणूनच काही बोलण्याचा अधिकारही घेतो.

पाड्यावरचे लोक सांगतात, प्रार्थनेला जायला लागल्यापासून घरधन्याची दारू सुटली, पोरं शाळेत टिकली. हा बदल खरा आहे, त्याची टिंगल करू नये. पण त्याच पाड्यावर चंगाईच्या नावाने औषध बंद करायला लावणारा कोणी येत असेल, तर भगत बदलला, भगतगिरी तशीच राहिली. तारपा वाजवणं आणि लग्नाचा चौक लिहिणं सैतानाचं काम आहे, असं कोणी शिकवत असेल, तर तो वारल्याला देव देत नाही, त्याचं मूळ उपटतोय. सख्ख्या भावाच्या लग्नात जायचं नाही, धवलेरीची गाणी ऐकायची नाहीत, ही कोणती प्रीती?

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर सविस्तर लिहिलं आहे. ख्रिस्ताबद्दल त्यांना आदर होता. तक्रार होती ती धर्मांतरितांबद्दल: चर्चमध्ये जात येऊ दिली आणि मागे राहिलेल्या भावंडांवरच्या अन्यायाविरुद्ध संघटित लढा दिला नाही. ही तक्रार आज खोटी ठरली का? उत्तर तुम्हीच द्या.

उत्तर देऊन गेलेला एक माणूस मात्र आहे. फादर स्टॅन स्वामी. जेझुइट संन्यासाची शपथ घेतलेला हा माणूस झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात सडणाऱ्या तरुणांसाठी लढला. ८ ऑक्टोबर २०२० ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरत होते, म्हणून पाणी प्यायला साधी नळी मागावी लागली. ५ जुलै २०२१ ला ते कोठडीत असतानाच मुंबईच्या इस्पितळात गेले. ख्रिस्तावरची निष्ठा म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट भाष्य मला कोणत्याही प्रवचनात सापडलेलं नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजनही झालं. मच्छीमार आणि आदिवासी घाबरलेत. त्यांच्या सभेत तुम्ही दिसणार की फक्त रविवारच्या प्रार्थनेत, यावर तुमची निष्ठा मोजली जाईल.

आणि आपण?

हीच मोजपट्टी आपल्यालाही लागते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात केलेली घोषणा पूर्ण करायला बाबासाहेबांनी २१ वर्षं घेतली, अभ्यास केला, धर्म पारखले. आपण २२ प्रतिज्ञांचं काय केलं? भिंतीवर फोटो आणि माजघरात गणपती. पोटजात बघून सोयरीक. निर्णय त्यांनी घेतला, निभावायचं आपल्याकडे होतं.

जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्य धर्म' पुस्तकात एका कुटुंबाचं चित्र काढलंय. घरातल्या प्रत्येकाने वेगळा धर्म स्वीकारला तरी सगळे एकमेकांचा द्वेष न करता एका घरात नांदतील. पुस्तक १८९१ साली छापलं गेलं. तलासरीच्या पाड्यावर आज एक भाऊ प्रार्थनेला जातो, एक हिरव्याला नारळ वाहतो. त्यांना एका चुलीवर जेवू द्यायचं की त्यांच्या हातात दगड द्यायचे, हे ठरवणारे लोक पाड्यावरचे नाहीत. ते बाकावर बसून चहा पितात.

त्या दिवशी मी त्या गृहस्थांना एवढंच विचारलं, "तुम्ही तुमचा धर्म कधी, काय विचार करून निवडला?" ते हसले आणि पैसे देऊन निघून गेले. ग्लास विसळणाऱ्या बाईने मात्र तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

जय भीम! जय जोहार! जय संविधान!