गोळी सोडणे म्हणजे रोजा नव्हे

संधिवाताचे काही रुग्ण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज सकाळी खाल्ल्यावर घेतात. रमजान लागला की काहीजण ते परस्पर बंद करतात. दीर्घकाळ गोळी घेतल्यावर शरीरातली कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी सुस्तावते; तिला जागे व्हायला वेळ लागतो. म्हणून डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळूच उतरवायचा. एकदम तोडला तर सांधे पुन्हा सुजतात. रक्तदाब कोसळून जिवावरही बेतू शकते. सेहरीला गोळी घेऊन रोजा झेपेल का, हे डॉक्टरांना रमजानआधीच विचारावे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात कसली धार्मिकता? आणि आपणही, शेजारी असो वा नातलग, “रोजा नाही का?” असे चारचौघांत विचारणे सोडू या. या प्रश्नाच्या धास्तीनेही कुणाची गोळी सुटते.